पित्ताशयातील खडा जेव्हा जठराची वाट अडवतो

वयाची सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला चार-पाच दिवस सतत उलट्या होत आहेत, घोटभर पाणीही पोटात ठरत नाही, आणि आदल्या दिवशी खाल्लेला भात दुसऱ्या दिवशी जवळजवळ तसाच बाहेर पडतो. अशा वेळी घरातील मंडळींच्या मनात प्रथम येते ते 'पित्त' आणि डॉक्टरांच्या मनात प्रथम येतो तो कर्करोग. जठराचे बाहेर जाण्याचे द्वार बंद झाल्याची ही लक्षणे असल्याने डॉक्टरांची शंका रास्तच असते. मात्र क्वचित प्रसंगी तपासणीअंती जे निघते त्याची कोणी कल्पनाही केलेली नसते. पित्ताशयात वर्षानुवर्षे पडून असलेला एखादा मोठा खडा पित्ताशयाची भिंत फोडून आतड्यात उतरलेला असतो आणि नेमका जठराच्या दाराशी येऊन अडकलेला असतो. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला 'बूव्हरे सिंड्रोम' असे नाव आहे.

हा विकार अत्यंत दुर्मीळ आहे, हे आधीच सांगितलेले बरे. पित्ताशयात खडे असलेल्या हजार व्यक्तींपैकी साधारण तीन ते पाच जणांच्या बाबतीत खडा आतड्यात जाऊन मार्ग अडवतो. अशा अडथळ्यांपैकी पुन्हा शंभरात एक ते तीन रुग्णांमध्येच तो जठराच्या निर्गमद्वाराजवळ असतो. म्हणजे पित्ताशयात खडे असलेल्या एक लाख लोकांमागे हा प्रसंग येतो तो तीन ते पंधरा जणांवर. तरीही शल्यचिकित्सक या विकाराची दखल घेतात, कारण तो गाठतो तो प्रामुख्याने वृद्धांना. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२८ रुग्णांच्या एका आढाव्यात रुग्णांचे सरासरी वय ७४ वर्षे होते आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. अशा रुग्णांना बहुधा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आधीपासूनच असतो. वैद्यकीय नोंदींत या विकारातील मृत्यूचे प्रमाण सुमारे १२ टक्के आढळते. खड्यासारख्या साध्या कारणाच्या मानाने हा आकडा मोठाच म्हणावा लागेल.

'पित्त' म्हणजे नेमके काय?

मराठीत 'पित्त' हा शब्द फार सैल वापरला जातो. छातीत जळजळ झाली की पित्त, डोके दुखले की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. प्रत्यक्षात छातीतील जळजळ जठरातील आम्लामुळे होते आणि अंगावरच्या गांधी हा बहुधा ॲलर्जीचा प्रकार असतो. आधुनिक वैद्यक ज्याला पित्तरस म्हणते तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा द्रव होय. यकृत दिवसाला साधारण ६०० मिलिलीटर ते एक लीटर पित्तरस तयार करते. त्यातील काही भाग यकृताखाली असलेल्या पेरूच्या आकाराच्या लहानशा पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठतो आणि तेथे तो अधिक घट्ट होतो. या पिशवीत एका वेळी ३० ते ५० मिलिलीटर द्रव मावतो. स्निग्ध अन्न पोटात गेले की पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्तरस नलिकेवाटे आतड्यात सोडला जातो. पित्तरसातील कोलेस्टेरॉल आणि ते विरघळवून ठेवणारे क्षार यांचा तोल बिघडला की स्फटिक जमतात आणि त्यांचे खडे होतात.

या विकारात शेजारसंबंधाला मोठे महत्त्व आहे. जठरातून बाहेर पडणारे अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागात जाते. हा भाग मराठी वैद्यक परिभाषेत 'आद्यांत्र' आणि डॉक्टरांच्या बोलीत 'ड्युओडेनम' म्हणून ओळखला जातो. तो इंग्रजी 'सी' या अक्षरासारखा वळलेला असून त्याची लांबी जेमतेम २५ सेंटिमीटर असते. त्याचे सुरुवातीचे वळण पित्ताशयाला अगदी लागून असते. निरोगी माणसात या दोन अवयवांमध्ये थेट दार नसते; पित्तरस स्वतंत्र नलिकेने फेरा मारून आद्यांत्रात येतो. मोठा खडा या नलिकेतून उतरू शकत नाही. मग तो भिंतीतूनच वाट काढतो.

भिंत फुटते कशी?

पित्ताशयाला वारंवार सूज आली की त्याची भिंत जाड व चिवट होते आणि शेजारच्या आद्यांत्राला चिकटते. आतला खडा या चिकटलेल्या जागी महिनोन्महिने दाब देत राहतो. दाबामुळे तेथील रक्तपुरवठा मंदावतो, पेशी मरतात आणि अखेर दोन्ही भिंतींना आरपार छिद्र पडते. शल्यचिकित्सक या अनैसर्गिक मार्गाला 'फिस्टुला' म्हणतात. एकदा हा मार्ग तयार झाला की खडा पित्ताशयातून थेट आद्यांत्रात, क्वचित थेट जठरात, उतरतो.

येथे एक फसवी गोष्ट घडू शकते. पित्ताशयात तुंबलेला द्रव नव्या वाटेने मोकळा झाल्यामुळे रुग्णाचे जुने दुखणे अचानक कमी होते. उजव्या बरगडीखाली येणारी कळ थांबली म्हणून रुग्ण समाधान मानतो, घरचेही निश्चिंत होतात. प्रत्यक्षात खड्याने केवळ मुक्काम हलवलेला असतो.

आतड्यात उतरलेला प्रत्येक खडा अडकतोच असे नाही. लहान खडे शौचावाटे निघून जातात आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. साधारण दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठे खडे अडकण्याची शक्यता अधिक असते. ते बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अडकतात, कारण तेथे आतडे सर्वांत अरुंद असते. खडा फारच मोठा असला किंवा आद्यांत्र जुन्या सुजेमुळे आक्रसलेले असले, तर तो पुढे सरकतच नाही. जठराच्या दारातच त्याचे बूच बसते.

खडे असलेल्या सर्वांनीच भ्यावे काय?

भारतात पोटाची सोनोग्राफी आता तालुक्याच्या गावीही होते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत 'पित्ताशयात खडे' असा शेरा वाचून अनेक जण घाबरतात. अशा व्यक्तींपैकी बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. ज्यांना आजवर लक्षणेच नाहीत अशांपैकी दरवर्षी सुमारे एक ते दोन टक्के लोकांनाच पुढे त्रास सुरू होतो. त्यामुळे केवळ खडे दिसले म्हणून सरसकट शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला दिला जात नाही. ज्यांना वारंवार कळ येते, ताप येतो, कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते, त्यांची गोष्ट वेगळी. बूव्हरे सिंड्रोमपर्यंत पोहोचणारी वाट अशा वारंवार येणाऱ्या सुजेतूनच जाते. म्हणूनच 'आता या वयात कशाला शस्त्रक्रिया' म्हणून वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवणे आवश्यक ठरते.

देशाच्या सर्व भागांत खड्यांचे प्रमाण सारखे नाही. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उत्तर भारतातील कर्मचाऱ्यांमध्ये पित्ताशयाच्या खड्यांचे प्रमाण दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांच्या सुमारे सातपट आढळले होते. गंगेच्या खोऱ्यात आजही हा आजार विशेष करून दिसतो. उत्तरेत खडे प्रामुख्याने कोलेस्टेरॉलचे असतात, तर दक्षिणेत रंगद्रव्यांपासून बनलेल्या काळपट खड्यांचे प्रमाण तुलनेने अधिक असते.

घरगुती उपायांविषयीही दोन शब्द सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. मुतखड्यावर कुळथाचे कढण घेण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. तेच कढण पित्ताशयाच्या खड्यांवरही घेतले जाते. पण मूत्रपिंड आणि पित्ताशय यांचे मार्ग पूर्णपणे वेगळे आहेत. भरपूर पाणी पिऊन लघवी वाढली तरी पित्ताशयातील खडा जागचा हलत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे 'पाडण्याचा' प्रयोगही लोकप्रिय आहे. अशा प्रयोगानंतर शौचावाटे पडलेले हिरवे गोळे न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी प्रयोगशाळेत तपासले आणि त्यांचे निरीक्षण २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते गोळे पित्तखडे नव्हतेच. प्यायलेल्या तेलापासून पोटातच तयार झालेला तो एक प्रकारचा साबण होता.

लियाँचे डॉक्टर बूव्हरे

या विकाराची पहिली नोंद १७७० मधील असून ती बोसिए या फ्रेंच वैद्याच्या नावावर आहे. तरी नाव मिळाले ते लेओं बूव्हरे यांचे. फ्रान्समधील लियाँ शहरात वैद्यकी करणाऱ्या बूव्हरे यांनी १८९६ मध्ये अशा दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेपूर्वीच निदान करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, आणि त्याचे मोल आज सहज लक्षात येत नाही. क्ष-किरणांचा शोध त्याच्या आदल्याच वर्षी, १८९५ च्या अखेरीस, लागला होता. सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा पोटात घालायची लवचिक दुर्बीण यांचा तर मागमूसही नव्हता. रुग्णाची हकीकत नीट ऐकणे आणि पोट हाताने चाचपणे एवढीच साधने हाताशी होती. हृदयाची गती अचानक वाढण्याच्या एका विकाराचे वर्णनही बूव्हरे यांनी १८८९ मध्ये केले होते आणि तोही काही काळ त्यांच्या नावाने ओळखला जाई. त्यामुळे जुने ग्रंथ चाळणाऱ्या विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे केली होती. त्यानंतर शंभर वर्षे ही शस्त्रक्रिया पोटावर मोठा छेद घेऊनच होत असे. एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीत आणि फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये फ्रान्समध्ये ती दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून केली. योगायोग असा की, मूरे हेही लियाँचेच. भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. त्रास देणारे पित्ताशय वेळीच काढून टाकणे यामुळे पुष्कळ सुकर झाले.

उलट्यांमधून काय निघून जाते?

बूव्हरे सिंड्रोमची लक्षणे जठराचे द्वार बंद पडल्याची असतात. वर उल्लेखिलेल्या आढाव्यात सुमारे ८७ टक्के रुग्णांना मळमळ व उलट्या, तर ७१ टक्के रुग्णांना पोटदुखी होती. काहींच्या उलटीत रक्त होते. पोटाचा वरचा भाग फुगतो, दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटते. रुग्णाला हलवले असता पोटात अर्ध्या भरलेल्या मडक्यासारखा डुचमळण्याचा आवाज येतो. डॉक्टर ही खूण आवर्जून पाहतात. पित्तनलिका आद्यांत्रात उघडते त्या जागेच्या अलीकडे अडथळा असेल, तर उलटीत हिरवा-पिवळा रंग सहसा दिसत नाही. घरात ज्याला 'पित्त उलटून पडणे' म्हणतात, त्याच्या नेमके उलट असे हे चित्र असते. मात्र फिस्टुलामुळे पित्तरस दुसऱ्या वाटेनेही जठरात येऊ शकतो, म्हणून केवळ रंगावर विसंबून चालत नाही.

खड्याहून तातडीचा धोका असतो तो शरीरातील क्षारांच्या असमतोलाचा. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. सतत उलट्या झाल्या की पाण्याबरोबर हे आम्ल आणि क्लोराइड शरीराबाहेर जाते आणि रक्त अल्कधर्मी बनते. शरीर कोरडे पडू लागताच मूत्रपिंड सोडियम वाचवण्याची धडपड करते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम व आम्ल लघवीवाटे सोडून देते. परिणाम चमत्कारिक होतो: रक्तात आम्ल कमी पडलेले असताना लघवी मात्र आम्लयुक्त येते. पोटॅशियम घटले की स्नायू निस्त्राण होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयविकाराची काही औषधे घेणाऱ्या वृद्धांना हा धोका अधिक. अशा रुग्णाला जळजळीवर उपाय म्हणून खायचा सोडा पाण्यातून देणे घातक ठरू शकते, कारण त्यामुळे रक्तातील बिघाड वाढतोच. वृद्धांमध्ये याची पहिली खूण कित्येकदा पोटात दिसत नाही. आजी-आजोबा असंबद्ध बोलू लागतात, ग्लानीत जातात.

निदानाची वाट

जठराचे द्वार बंद होण्याची कारणे अनेक आहेत. जुन्या व्रणामुळे आलेला आक्रस, जठराचा, स्वादुपिंडाचा किंवा पित्ताशयाचा कर्करोग, आणि भारतात क्षयरोगही. या यादीत खडा अगदी शेवटी येतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. शिवाय साध्या क्ष-किरण चित्रात पित्ताशयाच्या खड्यांपैकी दहापैकी एखाद-दुसराच दिसतो. मुतखडे दिसतात तसे हे दिसत नाहीत.

अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ लिओ रिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये तीन खुणा एकत्र पाहण्यास सांगितले: पचनमार्ग तुंबल्याची चिन्हे, भलत्याच जागी दिसणारा खडा आणि पित्तनलिकांमध्ये शिरलेली हवा. यांतील तिसरी खूण विशेष बोलकी आहे. पित्तनलिकांत सामान्यतः हवा नसते. फिस्टुला झाला की आतड्यातील हवा त्या वाटेने वर चढते. अर्थात पूर्वी दुर्बिणीतून पित्तनलिकेचे तोंड कापून मोकळे केले असेल तरीही तेथे हवा दिसते. म्हणून रुग्णाचे जुने कागद डॉक्टरांना दाखवणे महत्त्वाचे असते.

आज या तिन्ही खुणा सीटी स्कॅनमध्ये सर्वांत चांगल्या दिसतात. तरीही सुमारे पाचातील एक खडा सीटीमध्ये आजूबाजूच्या द्रवासारखाच दिसतो आणि ओळखू येत नाही. अशा वेळी एमआरआयच्या तंत्राने पित्तमार्गाचे चित्र घेतले जाते. जठरात दुर्बीण घातली असता अडथळा जवळजवळ नेहमीच कळतो. पण प्रत्यक्ष खडा दिसतो तो दहापैकी सात रुग्णांत. उरलेल्यांमध्ये तो सुजलेल्या अस्तराखाली दडलेला असतो आणि बाहेरून गाठच असावी असे वाटते.

काढायचे काय आणि किती?

उपचारांची सुरुवात खड्यापासून होत नाही. नाकावाटे जठरात नळी घालून साठलेला द्रव काढून घेतला जातो. शिरेवाटे सलाइन दिले जाते, लघवी सुरू झाल्यावर त्यात पोटॅशियम मिसळले जाते आणि रक्ताचा तोल सावरेपर्यंत शक्यतो थांबले जाते. नातेवाइकांना हा उशीर वाटतो. पण बिघडलेल्या रक्तावर भूल देणे हृदयाला झेपणारे नसते.

त्यानंतर पहिला प्रयत्न बहुधा तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीने होतो. १९८५ मध्ये अशा रीतीने खडा बाहेर काढल्याची पहिली नोंद आहे. जाळीत किंवा टोपलीसारख्या साधनात पकडून खडा ओढला जातो. तो फार मोठा असेल तर लेझरने किंवा विद्युत-जललहरींच्या आघाताने त्याचे तुकडे केले जातात. सुरुवातीच्या काळात दहातील एखादाच प्रयत्न सफल होत असे. साधने सुधारली तसे यश वाढले, तरी खात्री अजूनही देता येत नाही. खडा फोडण्यात एक जोखीमही आहे. एखादा मोठा तुकडा निसटून पुढे गेला तर तो लहान आतड्याच्या शेवटी अडकतो आणि अडथळा केवळ जागा बदलतो. सत्तरी-ऐंशीच्या रुग्णाला पोट उघडण्यापासून वाचवता येत असेल तर मात्र हा प्रयत्न करण्याजोगा असतो, आणि बहुतेक केंद्रांत तो केला जातो.

दुर्बिणीने काम झाले नाही तर शस्त्रक्रिया करावी लागते. जठराला किंवा आद्यांत्राला छेद देऊन खडा काढला जातो. शक्य असल्यास तो हलकेच मागे जठरात ढकलून तेथून काढणे शल्यचिकित्सक पसंत करतात, कारण जठराची भिंत जाड असते आणि टाके चांगले धरते. काढलेल्या खड्याकडे नीट पाहिले जाते. त्याची एखादी बाजू सपाट, घासल्यासारखी असेल, तर तो दुसऱ्या खड्याशी टेकून वाढलेला असण्याची शक्यता असते. मग संपूर्ण आतडे बोटांनी चाचपून दुसरा खडा शोधला जातो.

खरा पेच यापुढे आहे. पित्ताशय आणि फिस्टुला यांचे काय करायचे? एकाच वेळी पित्ताशय काढून छिद्र बंद केले तर आजार मुळापासून जातो. पण सुजलेल्या, एकमेकांत गुरफटलेल्या अवयवांत काम करणे लांबते आणि धोक्याचेही असते. पित्तखड्यामुळे आतड्यात अडथळा आलेल्या १,००१ रुग्णांचा आढावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ खडा काढलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ११.७ टक्के, तर सर्व काम एकाच शस्त्रक्रियेत केलेल्यांमध्ये १६.९ टक्के होते. हे आकडे जठराजवळच्या अडथळ्यापुरते नाहीत आणि तेव्हापासून भूलशास्त्र व अतिदक्षता विभाग दोन्ही सुधारले आहेत. तरी निर्णयाची दिशा त्यांवरून कळते. रुग्ण वयस्कर, अशक्त आणि अनेक व्याधींनी ग्रस्त असेल, तर खडा काढून थांबणे हेच शहाणपणाचे मानले जाते. 'एकदाच काय ते करून टाका' हा नातेवाइकांचा स्वाभाविक आग्रह अशा रुग्णाच्या हिताचा असतोच असे नाही.

मागे ठेवलेला फिस्टुला पुष्कळदा आपोआप मिटतो, मात्र पित्ताशयात दुसरा खडा उरलेला नसावा आणि पित्तनलिका मोकळी असावी लागते. अडथळा पुन्हा येण्याचे प्रमाण सुमारे पाच टक्के आहे. त्यामुळे काही आठवड्यांनी सोनोग्राफी करून पित्ताशय रिकामे आहे की नाही हे पाहिले जाते. खडे उरले असतील आणि रुग्णाची प्रकृती सुधारली असेल, तरच पित्ताशय काढण्याचा विचार होतो. दरम्यान नाकातील नळी निघाल्यावर रुग्णाला प्रथम पाणी, मग पेज आणि पातळ वरण असे क्रमाने दिले जाते. पुन्हा उलटी झाली, पोट फुगले किंवा पोटात कळा येऊन गॅस व शौच बंद झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात परतावे अशी सूचना घरी सोडताना दिली जाते. तेव्हा शंका असते ती खाली उतरलेल्या दुसऱ्या खड्याची.